मक्केचा दरवाजा : सुरत आणि इस्लामच्या वाटा

सुरत म्हटले की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवते ती सुरतेची लूट. १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर. शाळेत इतिहासाच्या तासाला आपण सगळ्यांनीच ही साले पाठ केलेली आहेत. त्यानंतर आठवतात साड्या, हिरे, आणि १९९४ सालचा प्लेग. पण मुघल काळात या शहराची साऱ्या मुसलमानी जगात जी ओळख होती ती वेगळीच होती. सुरतेला म्हणत ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा! आग्रा, दिल्ली, बुऱ्हाणपूर अशा दूरदूरच्या शहरांतून हजला निघालेला यात्रेकरू तापीच्या काठी येऊन जहाजाची वाट पाहत बसे. पावसाळा सरला, वारा अनुकूल झाला की तांबड्या समुद्राकडे गलबते सुटत. त्यांच्यात कापड असे, नीळ असे, आणि इहराम नेसण्यासाठी पांढरे कापड गाठोड्यात बांधलेली माणसेही असत.

गोव्याच्या वाचकाला याच्याशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते फार जुने आहे. मक्केच्या या दरवाजाची किल्ली काही काळ आपल्या गोव्यात होती. त्याविषयी पुढे लिहितोच. पण आधी दरवाजातून आत काय दिसते ते पाहू.

माझा एक मावसभाऊ सुरतेत पर्वत पाटियाला राहतो. तिथल्या एका कापडाच्या पेढीत तो हिशेब लिहितो. त्याच्याकडे दोनचारदा जाणे झाले. पर्वत हे मूळचे एक गाव. मोठ्या रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी जिथे लागते त्या फाट्याला गुजरातीत पाटिया म्हणतात. आपल्याकडे ‘तिठो’ म्हणतो तसेच काहीसे. आता मात्र गावही नाही आणि फाटाही नाही. कापडाची मार्केटे, गाठोडी वाहणारे टेम्पो, राजस्थानी व्यापारी, काठियावाडी, ओडिया कामगार, आणि शेजारच्या लिंबायत, गोडादरा, डिंडोली या भागांत पसरलेले आपले खानदेशी लोक. इथे भाजीवाल्याशी मराठीत बोलले तर तो मराठीतच भाव सांगतो. पर्वत पाटियात बघण्यासारखे जुने असे काही नाही. जुने सुरत बघायचे तर डुंभाल, सहारा दरवाजा करीत शहराच्या पोटात शिरावे लागते.

अशाच एका फेरीत रिक्षावाला भेटला तो लिंबायतचा. माझे हिंदी ऐकून म्हणाला, “मराठी बोला ना भाऊ, आम्हीबी धुळ्याकडलेच.” नाव विचारले तर मुसलमान निघाला. झांपा बाजारात शिरलो तेव्हा सोनेरी काठाच्या पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष आणि रंगीबेरंगी रिदा घातलेल्या बायका दिसू लागल्या. मी विचारले, “ही तुमचीच मंडळी ना?” तो म्हणाला, “आमचीच म्हणा की. पण बोहरी आहेत ते. त्यांची ईद आमच्या आधी होते, मशीदबी वेगळी. आमचा त्यांच्या नमाजात काही संबंध नाही.” मग जरा थांबून, “पण अल्ला एकच, कुराण एकच. त्यात काही फरक नाही भाऊ.”

वाचकहो, इस्लामवरच्या जाडजूड पुस्तकांत जे सांगायला शेकडो पाने लागतात, ते त्या रिक्षावाल्याने चार वाक्यांत सांगितले. श्रद्धा एक आणि वाटा अनेक. मी सरकारी कारकून. अर्ज, दाखले, नोंदी यांतच माझा दिवस जातो. अर्जात धर्माचा एक रकाना असतो आणि त्यात एकच शब्द लिहायचा असतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यात असा ‘मुसलमान’ हा शब्द लागलेले लोक ८.३३ टक्के होते. रकान्याचे तेवढ्यावर भागते. पण आपल्या शेजाऱ्याविषयी आपले ज्ञानही त्या रकान्याएवढेच राहिले तर कसे चालेल?

आधी जे एक आहे ते पाहू. मुहंमद पैगंबरांचा जन्म इ. स. ५७० च्या सुमारास मक्केत झाला. चाळिशीत, म्हणजे ६१० च्या सुमारास, त्यांना पहिला साक्षात्कार झाला. ६२२ साली ते मक्का सोडून मदिनेला गेले. या स्थलांतराला हिजरत म्हणतात, आणि हिजरी सन तिथूनच मोजतात. ६३२ साली ते निवर्तले. ईश्वर एक, त्याचे देवदूत, त्याने पाठवलेले ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम निवाड्याचा दिवस आणि ईश्वराने ठरवलेले प्राक्तन यांवर विश्वास ठेवायचा, ही झाली श्रद्धा. प्रेषितांमध्ये मूसा आहेत तसे ईसाही आहेत. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची सायबीण मारिया, तिच्या नावाचा एक अख्खा अध्याय कुराणात आहे. मात्र येशू हा त्यांच्या मते ईश्वराचा पुत्र नव्हे, तो प्रेषित.

आचाराचे खांब पाच. पहिला कलमा, म्हणजे अल्लाशिवाय दुसरा ईश्वर नाही आणि मुहंमद हे त्याचे प्रेषित आहेत ही साक्ष. दुसरा नमाज : फजर, जुहर, असर, मगरिब, इशा अशी दिवसातून पाच वेळा, मक्केकडे तोंड करून. तिसरा रमजानचे रोजे. चौथा जकात : गरजेपुरते सोडून जो संचय वर्षभर शिल्लक राहतो त्याचा चाळिसावा हिस्सा गरिबांना. पाचवा हज, पण ज्याच्या अंगात बळ आणि गाठीला पैसा आहे आणि वाट सुरक्षित आहे अशालाच, जन्मात एकदा. ही शेवटची अट लक्षात ठेवा. तिच्यापायी पुढे अकबराच्या दरबारात मोठा वाद झाला, आणि त्या वादात गोवा होता.

मग फूट पडली कुठे? ईश्वराविषयी नव्हे, कुराणाविषयीही नव्हे. फूट पडली ती पैगंबरांच्या मागे समाजाचा प्रमुख कोण, या प्रश्नावर. काहींनी अबू बक्र यांना खलिफा निवडले. त्यांच्यामागून उमर, उस्मान आणि अली आले. ही परंपरा मानणारे ते सुन्नी. दुसऱ्यांचे म्हणणे असे की पैगंबरांनी आपले चुलतभाऊ आणि जावई अली यांनाच वारस नेमले होते, आणि समाजाला वाट दाखवण्याचा अधिकार त्यांच्याच वंशातल्या इमामांचा आहे. हे शिया, म्हणजे अलींचा पक्ष. ६६१ मध्ये अलींचा खून झाला, आणि ६८० साली, मोहरमच्या दहाव्या दिवशी, त्यांचे पुत्र हुसेन करबलाच्या मैदानात मारले गेले. तेव्हापासून शियांच्या धर्मजीवनात शोकाला मध्यवर्ती स्थान आले. मात्र हुसेनविषयीचे दुःख शियांपुरते राहिले नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ताबुतांना सुन्नी खांदा देत आणि हिंदूही नवस बोलत.

सुन्नी म्हणजे तरी सगळे एक का? आचारधर्माचे नियम कुराण आणि हदीस यांतून कसे काढायचे यावर त्यांच्यात चार परंपरा झाल्या. त्या त्यांच्या आचार्यांच्या नावांनी ओळखल्या जातात : अबू हनीफा, मालिक, शाफई आणि इब्न हंबल. चौघेही आठव्या-नवव्या शतकांतले, आणि चारही परंपरा एकमेकींना खऱ्या मानतात. हिंदुस्थानात त्यांपैकी दोनच मुख्यतः पसरल्या, आणि त्या कुठे पसरल्या हे पाहिले तर इतिहासाचा नकाशाच समोर येतो. मध्य आशियातून तुर्कांबरोबर खुष्कीच्या मार्गाने आली ती हनफी. अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रावरून आली ती शाफई. म्हणून दिल्ली, लखनौ, हैदराबाद हनफी. आणि रत्नागिरीचे कोकणी मुसलमान, भटकळचे नवायत, केरळचे मापिळा आणि तिकडे थेट इंडोनेशिया शाफई.

गोंयकाराला हा फरक ताटात चटकन समजेल. शाफई परंपरेत समुद्रातले बहुतेक सगळे खाणे चालते, म्हणून रत्नागिरीच्या मुसलमान घरात सुंगटेही शिजतात आणि कुर्ल्याही. हनफींना पाण्यातला फक्त मासा चालतो. कुर्ली मासा नव्हे, म्हणून ती वर्ज्य. आणि सुंगट हा मासा की मासा नव्हे यावर त्यांच्या पंडितांत आजही एकमत नाही! आपल्याकडे श्रावणात काय चालते आणि काय नाही यावर घराघरांत वाद होतात, त्यातलाच हा प्रकार.

या दोन्ही वाटा सुरतेत एकत्र आल्या. ख्वाजा दाना यांचा दर्गा सुरतेतला फार मानला जाणारा. हे नक्शबंदी सूफी मध्य आशियातून आले आणि सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेत निवर्तले. खुष्कीची वाट ती ही. त्याच शहरात ऐदरूस सय्यदांचा दर्गा आहे. हे घराणे येमेनच्या हद्रमौत प्रांतातले, समुद्रावरून आलेले. दोघेही सूफी, दोघेही सुन्नी, पण एकाच्या मागे बुखारा-समरकंदचा मुलूख आणि दुसऱ्याच्या मागे एडनचा समुद्र. सूफी हा काही शिया-सुन्नींसारखा तिसरा पंथ नव्हे. तो मार्ग आहे, गुरुशिष्यपरंपरेचा. आपल्या नाथ-वारकऱ्यांच्या वाचकाला गुरूचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको.

दर्ग्यांवरूनच पुढे आणखी एक वाद झाला. १८६६ साली देवबंदला मदरसा निघाला. तिथल्या मंडळींचा रोख होता तो मजारींवरचे नवस आणि धर्मात नंतर शिरलेल्या चालीरीती यांच्यावर. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी दर्गे, उरूस आणि पैगंबरांविषयीची उत्कट भक्ती यांच्या बाजूने लिहिले. हे झाले देवबंदी आणि बरेलवी. दोघेही सुन्नी, दोघेही हनफी. सुरतेच्या परिसरात देवबंदी विचार खोल रुजला. तापीपलीकडच्या रांदेरला मदरसे आहेत, आणि नवसारीकडच्या डाभेलला अन्वर शाह काश्मिरी यांच्यासारखे मोठे हदीसपंडित देवबंद सोडल्यानंतर येऊन शिकवीत होते. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या आसपास दर्ग्यापुढे हात जोडणारा आणि ते अमान्य करणारा, दोन्ही सुन्नी नांदतात.

आता त्या सोनेरी काठाच्या टोप्यांकडे येऊ. ‘वोहरा’ या शब्दाचा संबंध गुजराती ‘वोहरवुं’ या क्रियापदाशी जोडतात. अर्थ व्यापार करणे. म्हणून हे आडनाव हिंदूंत आणि जैनांतही सापडते. सुरतेच्या लुटीच्या मराठी वर्णनांत ज्या बहर्जी बोहऱ्याची वखार लुटल्याचे आपण वाचतो, तो विरजी व्होरा जैन होता! मुसलमान बोहऱ्यांतही सुन्नी वोहरे निराळे, ते बरेचसे शेतकरी. रांदेरचे वोहरे व्यापारासाठी ब्रह्मदेशात गेले, आणि रंगूनमध्ये सुरती मशीद आजही उभी आहे. झांपा बाजारात दिसतात ते दाऊदी बोहरे. ते शिया, पण शियांतही इस्माइली.

त्यांची वंशावळ गुंतागुंतीची आहे, तरी थोडक्यात सांगतो. सहावे इमाम जाफर सादिक ७६५ मध्ये गेले. त्यांच्यामागून मूसा काझिम यांना मानणारे पुढे बाराव्या इमामापर्यंत गेले. इराणचे शिया ते हे. इस्माईल यांची परंपरा मानणारे ते इस्माइली. त्यांनी ९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेत फातिमी खिलाफत स्थापली आणि ९६९ मध्ये कैरो वसवले. १०९४ मध्ये खलिफा मुस्तनसिर गेले आणि दोन मुलांवरून पुन्हा दोन पक्ष झाले. निझारचा पक्ष तो आजच्या आगाखानी खोजांचा. मुस्तअलीचा पक्ष तो बोहऱ्यांचा. ११३० मध्ये खलिफा आमिर मारला गेला. बोहऱ्यांची श्रद्धा अशी की त्याचा तान्हा मुलगा तय्यब हा खरा इमाम. तो गुप्त झाला आणि त्याचा वंश आजही गुप्त रूपाने चालू आहे. त्याच्या वतीने समाज सांभाळतो तो दाई. येमेनच्या अर्वा राणीने, होय, एका स्त्रीने, ही दाईची गादी उभी केली. सोळाव्या शतकात गादी येमेनहून गुजरातेत आली, आणि त्याच शतकाच्या अखेरीस पुन्हा वारसावरून दाऊदी आणि सुलेमानी असे दोन झाले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दाऊदींची गादी सुरतेला आली. त्रेचाळिसावे दाई अब्देअली सैफुद्दीन यांनी १८१४ मध्ये इथे धर्मशिक्षणाची शाळा काढली. तीच आजची अल-जामिया-तुस-सैफिया. तिथे अरबीबरोबर ‘लिसानुद्दावत’ चालते, म्हणजे अरबी लिपीत लिहिलेली, अरबी शब्दांनी भरलेली गुजराती. बोहरे आचाराचे खांब सात मानतात. इमामाची निष्ठा त्यांत पहिली. पाच नमाज ते तीन वेळांत जोडून पढतात. आणि त्यांचे पंचांग फातिमी काळापासून गणिताने ठरलेले असते. रिक्षावाल्याने सांगितलेल्या ईदचे कोडे इथे सुटते. सुन्नी आभाळातली चंद्रकोर बघून महिना सुरू करतात, बोहरे गणित बघून. म्हणून बोहऱ्यांची ईद बहुधा एकदोन दिवस आधी येते. सरकारी सुट्टीच्या यादीत ‘चंद्रदर्शनानुसार बदल होऊ शकेल’ अशी तळटीप असते ती सुन्नींसाठी. बोहऱ्याला ती तारीख कित्येक वर्षे आधी ठाऊक असते. आपण चांद्र वर्षात अधिक मास घालून ऋतूंशी मेळ ठेवतो. इस्लामने असा अधिक मास निषिद्ध मानला, म्हणून रमजान साऱ्या ऋतूंतून फिरत राहतो.

बोहरा समाज नीटनेटका, व्यापारी, शिकलेला. पण दाईंच्या अधिकाराला मर्यादा असावी असे म्हणणारेही त्याच समाजात निघाले. असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) हे त्यांतले मोठे नाव. बहिष्काराचा अधिकार काढून घेणारा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. बाहेरून एकजीव दिसणाऱ्या समाजाच्या आतही असे झगडे चालू असतात.

आता हज आणि गोवा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले, आणि त्यांनी जाहीर केलेले होते की हिंदी महासागरात कुणाचेही जहाज आमच्या परवान्याशिवाय फिरणार नाही. या परवान्याला म्हणत ‘कार्ताझ’. जहाजाचे नाव, नाखवा, आकार, शस्त्रे, कुठून कुठे जाणार, कुठला माल न्यायचा नाही, हे सगळे त्यात लिहिलेले असे. ज्याच्याकडे कार्ताझ नाही त्याचे जहाज जप्त. १५३० मध्ये अंतोनियु द सिल्वैरा याने सुरत आणि रांदेर जाळले. त्यानंतर सुरतेचा किल्ला उभारला गेला तो अशा हल्ल्यांना तोंड देण्यासाठीच. १५७३ मध्ये अकबराने सुरत घेतली. एवढा मोठा बादशहा, पण त्याच्या घरच्या बायकांना हजला जायचे तर परवाना पोर्तुगीजांचा! बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीहून निघाली ती सुरतेला अडकून पडली. पोर्तुगीजांची मर्जी राखण्यासाठी दमणच्या बाजूचे एक गाव त्यांना द्यावे लागले, तेव्हा १५७६ च्या अखेरीस जहाज सुटले.

याच काळात अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क या मुल्लाने मत दिले की हिंदुस्थानच्या मुसलमानांवर सध्या हजचे बंधन नाही. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. खुष्कीने जावे तर वाट शिया इराणमधून, तिथे सुन्नीला त्रास; समुद्राने जावे तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्याच्यावर मेरी आणि येशू यांची चित्रे असतात. म्हणजे मूर्तिपूजेला हातभार! पहा, कुराणात मेरीचा केवढा मान. आक्षेप तिला नव्हता, तिच्या चित्राला होता. ‘वाट सुरक्षित असेल तर’ या एका अटीवर शिया-सुन्नींची फूट आणि गोव्याची सत्ता या दोन्ही गोष्टी येऊन बसल्या.

१६१३ मध्ये तर कहर झाला. जहांगीरच्या आईचे, मरियम-उज-जमानी हिचे, ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज तांबड्या समुद्रावरून परतत असताना सुरतेजवळ पोर्तुगीजांनी पकडले. त्याच्याकडे रीतसर कार्ताझ होता. तरीही शेकडो प्रवाशांसह ते गोव्याला आणले गेले. जहांगीरने संतापून दमणवर फौज पाठवली, सुरतेतला पोर्तुगीजांचा व्यापार बंद पाडला, आग्र्याच्या जेझुइटांचे चर्च बंद केले. १६१५ मध्ये तह झाला, पण तोवर इंग्रजांचा पाय सुरतेत रोवला गेला होता.

कार्ताझांच्या नोंदवह्या पणजीच्या पुराभिलेखागारात जपलेल्या आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी या दप्तराची जी निगा राखली ती आपल्यावर उपकार करून गेली. त्या नोंदींमागचा हात माझ्याच पेशातल्या कुणा लेखनिकाचा. आपण लिहितो त्या ओळीवर कुणाची जन्माची यात्रा अडली आहे हे त्याला जाणवत असेल का? आमच्या टेबलावर येणाऱ्या कागदांमागेही माणसे असतात, म्हणून हा प्रश्न मला पडतो.

आणि याच काळात आपल्या पूर्वजांवर काय बेतले होते? १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले. त्या दशकात साष्टीतली देवळे पडत होती, आणि कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा रातोरात नदीपार करून अंत्रुजात आणली जात होती. अंत्रुज तेव्हा कुणाचे होते? विजापूरच्या आदिलशहाचे. फोंड्याची साफा मशीद १५६० ची, म्हणजे त्याच दिवसांतली. हे आदिलशाही घराणेही कधी शिया तर कधी सुन्नी होत राहिलेले. आमचे देव ज्या मुलखात आश्रयाला गेले तिथे राज्य मुसलमानाचे होते. आणि सुरतेचा हाजी ज्या परवान्यासाठी ताटकळत होता तो परवाना आमचे देव हाकलणाऱ्यांच्या हातात होता. म्हणून आदिलशहा उदारमतवादी होता असा निष्कर्ष मी काढणार नाही. त्यालाही महसूल हवा होता आणि पोर्तुगीजांशी त्याचे वैर होते. पण आपली दुःखे वेगळ्या गावची नव्हती, एवढे तरी म्हणता येईल.

त्याहून जुनी एक हकीकत आहे. कदंबांच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटात असे येते की गोव्याचा राजा गुहल्लदेव समुद्रमार्गाने सोमनाथच्या यात्रेला निघाला असता जहाजाची डोलकाठी मोडली, आणि त्याला मदत केली ती मदुमद नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने. पुढे त्याच्या वंशजाला जयकेशी राजाने अधिकारपद दिले, आणि त्याने बांधलेल्या मशिदीसाठी कर लावून दिला. गोव्याचा हिंदू राजा गुजरातच्या देवाच्या यात्रेला निघतो आणि मुसलमान त्याला बंदराला लावतो! आणि नंतर गुजरातच्या मुसलमान यात्रेकरूची वाट गोव्याची सत्ता अडवते. इतिहास हा असा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो.

पैगंबरांच्या मागे कोण, हा ६३२ सालचा प्रश्न आजही संपलेला नाही. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खोजांचा खटला चालला : हे लोक सुन्नी की इस्माइली, आणि आगाखान त्यांचे प्रमुख की नाहीत? न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी आगाखानांच्या बाजूने निकाल दिला. १७ जानेवारी २०१४ रोजी दाऊदी बोहऱ्यांचे बावन्नावे दाई, सुरतेतच जन्मलेले सय्यदना मुहंमद बुऱ्हानुद्दीन, मुंबईत निवर्तले. त्यांचे पुत्र मुफद्दल सैफुद्दीन गादीवर आले. बुऱ्हानुद्दीन यांचे सावत्र बंधू खुझैमा कुतुबुद्दीन म्हणाले, १९६५ मध्येच मला खाजगीत वारस नेमले होते. २०१६ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने दावा पुढे चालवला. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो फेटाळला. श्रद्धा कुणाची खरी हे ठरवणे आपले काम नाही, आपण पुरावा पाहिला, असा त्या निकालाचा रोख होता. वारसाची नेमणूक झाली की नाही, तिला साक्षीदार कोण, हे शब्द पहिल्या शतकातलेच!

सुरतेत १६४४ मध्ये बांधलेली एक मुघलसराई आहे. हाजी आणि वाटसरू तिथे उतरत. १८६७ पासून तिथे नगरपालिका आली, आणि आज तिथेच महानगरपालिकेची कचेरी आहे. जिथे हजचे यात्रेकरू गाठोडी सोडत तिथे आता लोक जन्ममृत्यूचे दाखले आणि घरपट्टीचे कागद घेऊन उभे राहतात. त्यांत सुन्नी असतील, बोहरे असतील, खानदेशी असतील, जैन असतील. सुरतेचे बंदर गाळाने भरले, हजची जहाजे मुंबईहून सुटू लागली, आणि १९९५ नंतर तीही बंद होऊन सगळा प्रवास विमानाचा झाला. मक्केचा दरवाजा तसा केव्हाच मिटला. पण त्या दरवाजातून आलेली माणसे तिथेच राहिली आहेत, आपापले पंचांग आणि आपापली नमाज सांभाळून.

वाचकहो, फोंड्याला गेलात तर साफा मशिदीचे तळे जरूर बघा, आणि तिथून कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जा. अंतर काही फार नाही. दोन्ही ठिकाणी त्याच दशकातला गोवा उभा आहे. आणि तुमच्या ओळखीचा कुणी मुसलमान शेजारी असेल तर त्याला एकदा सहज विचारून पहा, तुमच्याकडे कुर्ल्या चालतात का? तो जे उत्तर देईल त्यात त्याच्या पूर्वजांची वाट समुद्राची की खुष्कीची, हे बहुधा कळून येईल.